गल्ली आमची, वेग कुणाचा?

मध्यंतरी हैदराबादला मावशीकडे गेलो होतो. काचीगुड्यात, जुन्या मराठी वस्तीत, तिचा चाळीस वर्षांचा संसार. गेल्या वर्षी घरासमोरच भरधाव मोटरसायकलने तिला उडवले. खुब्याचे हाड मोडले. आता ती काठी घेऊन दारापर्यंत येते आणि तिथेच थांबते.

"अरे, समोरून दूध आणायचं तर शेजारच्या पोराचा हात धरावा लागतो मला. माझ्याच गल्लीत!" मावशी म्हणाली.

अपघातानंतर गल्लीतल्या लोकांनी अर्ज केले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. सगळीकडे एकच उत्तर. हे आमच्याकडे येत नाही!

मित्रहो, हे उत्तर निव्वळ टोलवाटोलवी असते तर मी लिहायला बसलो नसतो. दुखणे व्यवस्थेतच आहे. रस्ता पालिकेचा, दंड पोलिसांचा आणि वेग सरकारचा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 112 नुसार वेगमर्यादा ठरवते राज्य सरकार, किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेले प्राधिकरण. केंद्राने 2018 मध्ये पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल 70 आणि दुचाकींसाठी 60 किलोमीटर असे आकडे जाहीर केले. ही वरची मर्यादा. त्याखाली यायचे तर पुन्हा राज्याचीच अधिसूचना हवी.

तेलंगणा सरकारने 2023 मध्ये ती काढली. हैदराबाद महापालिका हद्दीत दुभाजक असलेल्या रस्त्यांवर मोटारींना 60, दुभाजक नसलेल्यांवर 50, आणि कॉलनीतल्या रस्त्यांवर सर्वच वाहनांना 30. चांगलेच झाले! पण अख्ख्या शहरातल्या गल्ल्यांना एकच आकडा. शाळेच्या फाटकासमोर 20 हवेत असे त्या वॉर्डातल्या लोकांना वाटले, तर पुन्हा अर्ज घेऊन सरकारदरबारी जायचे.

आपण गोवेकरांनी हसू नये. आपल्याकडे हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे. पंचायतीने ठराव घ्यावा, वर पाठवावा आणि राजपत्रात अधिसूचना येण्याची वाट बघावी. वाड्यावरच्या वळणावर कोण पडले हे पंचाला नावानिशी ठाऊक असते. पण गाडी किती हळू जावी हे तो ठरवू शकत नाही.

गंमत अशी, की राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत 'रस्ते आणि पूल' नगरपालिकांच्या विषयांत घातले आहेत, अकराव्या अनुसूचीत रस्ते पंचायतींच्या. म्हणजे डांबर टाका, खड्डे बुजवा, शिव्या खा. वेगाला मात्र हात लावू नका!

माझे म्हणणे साधे आहे. कायदा बदलण्याचीही गरज नाही. कलम 112 मध्ये 'अधिकार दिलेले प्राधिकरण' हे शब्द आहेतच. राज्यांनी एक अधिसूचना काढून वस्तीतल्या रस्त्यांपुरता हा अधिकार पालिका-पंचायतींना द्यावा. मर्यादा खाली आणण्याचा, वाढवण्याचा नव्हे.

कुणी म्हणेल, दर वॉर्डात वेगळी पाटी लागली तर चालक गोंधळतील. म्हणूनच 30 हा सर्वांचा पाया ठेवा आणि त्याखालचे स्थानिकांवर सोडा. वेल्समध्ये सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी 20 मैल ही मर्यादा आली. विरोध प्रचंड झाला. शेवटी कुठे अपवाद करायचा याचा निर्णय स्थानिक कौन्सिलांनीच घ्यावा, यावर गाडी आली.

दुसरा आक्षेप, नुसत्या पाटीने कोण थांबतो? बरोबर! त्यासाठी गतिरोधक हवा, वळण अरुंद करायला हवे. ही कामे करणार कोण? ज्याचा रस्ता तोच. मग पाटीचा अधिकारही त्याच्याच हाती नको का?

आणि उशीर किती होतो? गल्लीतले शेवटचे अर्धा किलोमीटर 60 ने गेलात तर अर्धा मिनिट लागते, 30 ने गेलात तर एक. वाचले ते तीस सेकंद! उलट वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. मावशीच्या खुब्याने हे गणित सोडवले आहे.

निघताना मावशी दारापर्यंत आली. मी म्हटले, "चल, समोरपर्यंत जाऊ." तिने दोन्ही बाजूंना पाहिले आणि मान हलवली.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढेच विचारा, आमच्या वाड्यावरचा वेग ठरवायचा कुणी?