भात्याचा श्वास

परवा मोऱ्याला आमच्या भजनी मंडळाची बैठक झाली. विषय एकच : जुनी पेटी दुरुस्त करायची की कीबोर्ड घ्यायचा? पेटी वडिलांच्या वेळची. भाता फाटलाय, बंदराच्या खाऱ्या हवेनं पितळी सूर खराब झालेत. पोरांचं म्हणणं, कीबोर्डवर एक बटण दाबलं की पेटी, दुसरं दाबलं की अ‍ॅकॉर्डियन!

गंमत म्हणजे ही दोन्ही एकाच घरातली भावंडं. भात्यानं हवा सोडायची, पितळेची पातळ पट्टी थरथरते, सूर निघतो. चीनमधल्या शेंग या तोंडानं फुंकायच्या वाद्यात ही युक्ती फार जुनी. 1829 साली व्हिएन्नात सिरिल डेमियननं अ‍ॅकॉर्डियनचं पेटंट घेतलं. 1840च्या दशकात पॅरिसला दबँनं हार्मोनियम आणली, ती पायानं भाता मारायची. एक भाऊ गळ्यात पट्टा अडकवून गावोगाव नाचत सुटला, थेट आपल्या सिनेमात आला. 'आराधना'तल्या (1969) 'रूप तेरा मस्ताना'मधलं केरसी लॉर्ड यांचं अ‍ॅकॉर्डियन आठवतंय ना? दुसरा कोलकात्यात द्वारकानाथ घोषांच्या हाती पडला, पाय गमावून बसला आणि मांडी घातलेल्या माणसापुढे स्थिरावला.

मी हे सगळं रंगवून सांगितलं. तर एक पोरगा म्हणाला, "काका, म्हणजे पेटीपण एकेकाळी बाहेरचीच ना?"

निरुत्तर झालो, खरंच. मींड निघत नाही म्हणून 1940 साली रेडिओनं तिच्यावर बंदी घातली होती, ती 1971पासून सैल झाली. पण त्याआधीच गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला गायला लावलं होतं, आणि देवळांनी तर बंदीची दखलच घेतली नाही.

तरी रात्री अंथरुणावर उत्तर सुचलं. पेटी आली तशी आपण ठेवली नाही. तिला जमिनीवर बसवलं, डावा हात भात्याला दिला. गाणाऱ्या बुवांचा दम संपत आला की तो हात आपोआप हलका होतो. दोघं मिळून श्वास घेतात. कीबोर्डला दम लागतच नाही. उद्या पोरांनी त्यालाही श्वास घ्यायला शिकवलं, तर मी पहिला टाळ्या वाजवीन.

असो. निर्णय येत्या एकादशीवर ढकललाय. माझी वर्गणी मात्र मी भात्याच्या नावानं लिहून आलोय.