जुनी जीपगाडी : उभी ठेवावी कीं चालवावी ?

आपल्या जिल्ह्यांत वैजापुरापासून सिल्लोडापर्यंत कोणत्याही मोठ्या गांवीं जावें, वाड्यामागच्या पडवींत किंवा मळ्यांतील पत्र्याच्या शेडखालीं एखादी जुनी जीपगाडी उभी असलेली दिसते. चाकांतील हवा गेलेली, टपावर कोंबड्या बसलेल्या, आंत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. विचारिलें तर घरधनी अभिमानानें सांगतात कीं, ही आमच्या वडिलांची. अभिमान योग्यच आहे. परंतु ज्या गाडीनें वीस-पंचवीस वर्षें बियाणें, खत व कापूस वाहिला, अडल्या रात्रीं आजारी माणसांस दवाखान्यांत पोंचविलें, तिला गंजत ठेवणें हा तिचा मान नव्हे. आमचें मत असें कीं, गाडी एक तर चालती ठेवावी, नाहीं तर रीतसर मोडींत द्यावी. ती चालती करण्याचें बहुतेक काम शेतकऱ्यास घरच्या घरीं करितां येतें. तें न करितां, एका पसरलेल्या गैरसमजापायीं चांगल्या गाड्या वजनावर विकल्या जात आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

गैरसमज असा कीं, गाडीस पंधरा वर्षें झालीं म्हणजे सरकारनें ती बाद केली. भंगार घेणारा दारीं येऊन हेंच सांगतो, आणि गाडी मातीमोलानें उचलून नेतो. वस्तुस्थिति निराळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वयें खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, व पुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून मिळते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील ज्या गाड्यांची नोंदणी रद्द झाली त्या सरकारी खात्यांच्या व महामंडळांच्या. आणि २०१५ सालीं दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस जी मनाई झाली ती दिल्ली व तिच्या आसपासच्या प्रदेशापुरती. या दोन बातम्या एकत्र कालवून तिसरीच बातमी गांवोगांव फिरत आहे. फी वाढली आहे हें मात्र खरें. मोटारीच्या पुनर्नोंदणीस पूर्वी ६०० रुपये पडत. ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील गाडीकरितां १०,००० ठरले. राज्याचा पर्यावरण कर त्याखेरीज. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपांतील गाड्यांसाठीं २०२१ पासून स्वतंत्र 'व्हिंटेज' नोंदणी निघाली आहे. पण तशी गाडी प्रदर्शनास व शर्यतीच्या फेरीस न्यावयाची, नित्याच्या कामास नव्हे. तेव्हां ज्यास जीपेनें मळ्यांत जावयाचें आहे त्यानें त्या वाटेस जाऊं नये.

या गाड्या इतक्या वर्षांनींही उठून उभ्या राहतात याचें कारण त्यांच्या घडणींत आहे. १९४१ मध्यें अमेरिकन लष्कराकरितां बनूं लागलेली विलीज जीप ही आघाडीवरच्या साध्या शिपायानें साध्या पान्यांनीं दुरुस्त करावी, अशाच बेताची होती. १९४५ सालीं जगदीशचंद्र व कैलाशचंद्र हे महिंद्र बंधु आणि मलिक गुलाम महंमद यांनीं मुंबईंत पोलादाच्या व्यापारासाठीं कंपनी काढली. १९४७ पासून तिनें जीप जुळविण्यास आरंभ केला. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, व १९४८ सालीं कंपनीस महिंद्र आणि महिंद्र हें नांव मिळालें. पुढें पेट्रोलच्या जागीं डिझेल आलें. 'एमएम ५४०' गाडींतील प्यूजो पद्धतीचें २११२ घनसेंटिमीटरचें इंजिन आपल्याकडील पुष्कळ मिस्त्रींच्या हाताखालून गेलेलें आहे. ज्यांच्या घरीं कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट किंवा पद्मिनी आहे त्यांसही पुढील बहुतेक मजकूर लागू पडेल. (तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद हे वालचंदनगरच्या उसाच्या मळ्यांमुळें शेतकऱ्यांस अपरिचित नाहींत.) या सर्व गाड्यांच्या पोटांत संगणक नाहीं, जें बिघडतें तें डोळ्यांस दिसतें व हातांस लागतें.

आणि शेतकऱ्याचा हात या कामांत नवखा नाहीं. विहिरीवरचें ऑइल इंजिन ज्यानें खोललें, नोझल साफ केलें, हवा धरलेली डिझेलची नळी मोकळी केली, त्यास जीपेच्या इंजिनांत नवें असें फारसें कांहीं नाहीं. जें घरीं होत नाहीं त्यासाठीं शहर जवळ आहे. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग सुटे भाग करणारे लहान कारखाने उभे राहिले. आज चिकलठाणा व वाळूज या वसाहतींत लेथवर बुश कातून देणारा, सिलिंडरला बोअर मारून देणारा कारागीर मिळणें अवघड नाहीं. ही सोय राज्यांतील थोड्याच जिल्ह्यांस आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. जुनी गाडी चालून झिजते त्याहून अधिक उभी राहून मरते. उभ्या गाडींत सिलिंडरच्या भिंतीवरचें तेल खालीं उतरतें व रिंगा गंजून धरतात. टाकीच्या रिकाम्या भागांत दंव धरून आंतून गंज सुटतो. आपल्या उन्हाळ्यांत रबर तडकतें. उंदीर वायरी कुरतडतात. आपली हवा कोरडी असल्यानें पत्रा कोंकणांतल्यापेक्षां पुष्कळ टिकावा. पण आपणच त्याचा नाश करितों. गाडी गोठ्यास लागून उभी करितों, तेथें गोमूत्राची वाफ पत्र्यास खाते. खताचीं पोतीं गाडींत ठेवितों. पोटॅशची सांडलेली भुकटी म्हणजे मिठाचाच प्रकार, ओल लागतांच ती तळाचा पत्रा पोखरते. कडबा व कापूस यांजजवळ बॅटरी जोडलेली गाडी ठेवणें हें तर आगीस आमंत्रण होय. गाडीस स्वतंत्र, उंचावर, वारा खेळणारी जागा द्यावी. बॅटरीची तार काढून ठेवावी. आणि पंधरा दिवसांतून एकदां तरी ती चार-पांच कोस फिरवावी. नुसती जागेवर सुरू करून बंद करणें पुरेसें नाहीं, कारण इंजिन पुरतें तापल्याखेरीज आंतली ओल जात नाहीं.

पाण्याविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. आपल्याकडील काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. चहाच्या भांड्यास जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत व इंजिनाच्या पाणखोल्यांत बसतो, आणि मग कन्नडचा घाट चढतांना गाडी उकळते. मिस्त्री पंखा बदलतो, पट्टा बदलतो, थर्मोस्टॅट काढून फेंकतो. दोष पाण्यांत असतो. रेडिएटर एकदां उलट्या बाजूनें पाणी सोडून धुवावें व पुढें पावसाचें गाळलेलें किंवा बॅटरीचें पाणी कूलंट मिसळून घालावें. हा खर्च अगदीं थोडा आहे.

अनेक वर्षें उभी असलेली गाडी नवी बॅटरी लावून एकदम सुरू करण्याची जी घाई होते तिनें चांगलीं इंजिनें वायां जातात. प्रथम जुनें इंधन व जुनें ऑइल काढून टाकावें. प्लग, किंवा डिझेल असल्यास इंजेक्टर, खोलून प्रत्येक सिलिंडरांत थोडें पातळ ऑइल सोडावें व एक-दोन दिवस तसेंच ठेवावें. मग गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून हँडलानें, हँडल नसल्यास पुलीच्या बोल्टास पाना लावून, इंजिन हळूहळू फिरवावें. फिरत नसेल तर जोर न करितां पुन्हां ऑइल सोडून थांबावें. टाकी उतरवून धुवावी, फिल्टर नवे घालावे, आणि मगच बॅटरी जोडावी. शेड बंद ठेवून इंजिन चालवूं नये. विहिरींत उतरविलेल्या इंजिनाच्या धुरानें माणसें कशीं दगावतात हें आपणांस सांगावयास नको.

इंजिन सुरू झालें कीं घरांत पेढे वाटले जातात व दुसऱ्या दिवशीं रंगाऱ्यास बोलावणें जातें. आमच्या मतें येथेंच चूक होते. चालूं लागलेली पण न थांबणारी गाडी ही उभ्या गाडीहून वाईट. जुन्या जीपेंत ब्रेकचें तेल एकाच मार्गानें चारही चाकांस जातें. एका चाकाच्या सिलिंडरांतील रबरी वाटी फुटली तर चारही ब्रेक जातात. म्हणून वाट्या, रबरी नळ्या व ब्रेकचें तेल हें सर्व नवें घालावें, वरून चांगलें दिसलें तरी. त्यांत इंजिनचें ऑइल ओतणारेही आहेत. त्यानें रबर फुगून ब्रेक निकामी होतात. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असूं शकतें, तेव्हां ड्रमांतील भुकटी हवेनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. त्यानंतर स्टिअरिंगचा खेळ, किंगपिनचे बुश, कमानपाटे, आणि टायर. टायरची नक्षी पाहून फसूं नये; त्याच्या बाजूवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांपूर्वींचा टायर नक्षी कितीही खोल असली तरी बैलगाडीस लावावा. गाडीखालीं जातांना केवळ जॅकवर विसंबूं नये, लांकडाचे जाड ओंडके आडवे लावावे. रंग सर्वांच्या शेवटीं.

पेट्रोलच्या गाड्यांपुढें एक नवी अडचण आली आहे, आणि ती आपल्याच उसांतून निघाली आहे. पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें २०२५ सालीं गांठलें. पैठण-गंगापुराकडील ऊसकऱ्यास त्यापासून लाभ आहे, तो आम्हांस हवाच आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेतें, जुन्या पद्धतीचें रबर फुगवितें, आणि त्याच मापाच्या पेट्रोलाहून सुमारें एक-तृतीयांश कमी उष्णता देतें. यासाठीं इंधनाच्या नळ्या, पंपाचा पडदा व कार्बोरेटरचीं वायसरें इथेनॉल सोसणाऱ्या रबराचीं घालावीं, आणि मिश्रण फिकें पडून इंजिन तापत असेल तर कार्बोरेटरचा जेट किंचित् मोठा करावा. टाकींत पेट्रोल महिनोगणती ठेवूं नये.

कागदांचें काम पान्याच्या कामाआधीं पाहावें, हें मुद्दाम शेवटीं लिहितों, कारण तें कोणी आधीं करीत नाहीं. पुष्कळ पेट्रोल जीपांत पूर्वींच्या मालकांनीं दुसऱ्याच गाडीचें डिझेल इंजिन बसविलेलें असतें. नोंदणीपुस्तकांतील इंजिन क्रमांक व प्रत्यक्ष क्रमांक जुळला नाहीं तर नूतनीकरण अडतें, आणि तोंवर दुरुस्तीचे पैसे खर्च होऊन गेलेले असतात. चासीवरचा क्रमांक घासून, कंदील धरून स्वतः वाचावा. चासीच कुजलेली असेल किंवा कागद जुळत नसतील तर मोह सोडावा, व गाडी परवानाधारक मोडकेंद्रांत देऊन दाखला घ्यावा. त्या दाखल्यावर नव्या गाडीच्या करांत सूट मिळते, जी दारावरच्या भंगारवाल्याकडून मिळत नाहीं.

आणखी एक. या कामासाठीं कर्ज काढूं नये, पीककर्जाच्या रकमेस तर हातही लावूं नये. कापसाचे पैसे आले म्हणजे ब्रेक, पुढच्या वर्षीं टायर, अशा चालीनें दोन-तीन वर्षें लागलीं तरी हरकत नाहीं. ही गाडी रात्रीच्या महामार्गावर मुलाबाळांसह मुंबईस जाण्याची नव्हे; नव्या गाडींतील सुरक्षिततेचीं साधनें तींत नाहींत व येणारही नाहींत. मळा, बाजार व तालुका एवढें तिचें क्षेत्र.

पॉइंटची फट कानानें ओळखणारे, व्हॉल्व्ह हातानें घासून बसविणारे मिस्त्री आतां म्हातारे झाले आहेत, व त्यांच्या हाताखालीं पोरें उरलीं नाहींत. आपल्या संघानें तालुक्याच्या ठिकाणीं व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबण्याचा शिकंजा, टॉर्क पाना, कॉम्प्रेशन मोजण्याचा गेज व जड जॅक असा एक संच घेऊन तो सभासदांस पाळीपाळीनें द्यावा, आणि रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर अशा एखाद्या मिस्त्रीस मानधन देऊन चार रविवार बोलवावें. तरुण सभासदांनीं त्यावेळीं आपापली गाडी ओढून कां होईना, पण घेऊन यावी.