तिसरी घंटा आणि आपली तब्येत

माझ्या दवाखान्यात डाव्या भिंतीला एक लांब बाकडे आहे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्यावर ठरलेली चार-पाच माणसे येऊन बसतात. सगळी साठी-सत्तरीच्या पुढची. कुणाच्या छातीत धडधडते, कुणाला झोप लागत नाही, कुणाचा गुडघा, तर कुणाचे पोट. नंबर आला तरी "आधी यांना जाऊ द्या, मला काही घाई नाही" असे म्हणून ही मंडळी मागच्याला पुढे पाठवतात. सुरुवातीला मला हा त्यांचा चांगुलपणा वाटत असे.

एका वर्षी दिवाळी होऊन थोडी थंडी पडली आणि हे बाकडे एकाएकी रिकामे झाले. चार दिवस झाले, आठवडा झाला, कुणाचा पत्ता नाही. मला काळजी वाटली. कंपाउंडरला विचारले, "मंडळी बरी आहेत ना?" तो हसून म्हणाला, "डॉक्टर, नाटकं सुरू झालीत. सात वाजता घंटा होते, मग इथं कोण येतंय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसे माझ्या औषधासाठी येत नव्हती, बाकड्यासाठी येत होती. तेथे शेजारी माणूस बसलेला असतो, "काय म्हणते तब्येत?" असे कुणीतरी विचारते. एवढ्यासाठी त्यांनी मला फी दिली आणि मी त्यांना गोळ्या दिल्या!

आज लिहायचे आहे ते या नाटकांविषयी. आरोग्याच्या सदरात नाटक कुठून आले, असे काही वाचकांना वाटेल. पण नाटकाचा आणि वैद्यकाचा संबंध आपल्याकडे जुना आहे. डॉ. काशीनाथ घाणेकर हे आपल्याच जिल्ह्यातल्या चिपळूणचे, व्यवसायाने दंतवैद्य. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ साली त्यांनी व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमी धरली आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. मी त्यांच्यासारखा रंगमंचावर गेलो नाही, माझी जागा प्रेक्षकांतच. तिथूनच जे दिसले ते सांगतो.

राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली. तिच्या प्राथमिक फेरीचे एक केंद्र आपले रत्नागिरी. स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात ओळीने नाटके होतात. त्यातले पहिले येणारे पुढे अंतिम फेरीला जाते. ज्यांचे नाव या नाट्यगृहाला आहे त्या सावरकरांनीही १९२४ ते १९३७ या रत्नागिरीतल्या स्थानबद्धतेच्या काळात नाटके लिहिली. त्याच्याही आधीपासून आपल्या गावागावांत शिमग्याचे नमन-खेळे, गणपतीतली जाखडी आणि देवळाच्या उत्सवातले नाटक चालत आलेले आहे. मुंबईचा चाकरमानी उत्सवाला गावी यायचा तो निम्मा देवासाठी आणि निम्मा नाटकातल्या भूमिकेसाठी, हे आपल्याला सांगायला नको.

हौशी नाटकाची एक गंमत आहे. व्यावसायिक नाटकात आपण नट पाहायला जातो. इथे बँकेतला कॅशियर राजा होतो, शाळेतल्या बाई कैकेयी होतात आणि कालच तिकीट फाडणारा एसटीचा कंडक्टर खुनी निघतो. दुसऱ्या दिवशी तोच कंडक्टर गाडीत भेटतो आणि आपण म्हणतो, "काल मरताना जरा जास्तच तडफडलात हो!" हे बोलणे जिथे होते तिथे तब्येतीला फायदा होतो, असे माझे मत आहे.

माझ्या मताला थोडा शास्त्राचा आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी इंग्लंडमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या ६७१० माणसांची १४ वर्षे माहिती ठेवली. त्यांचा निबंध २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नाटक, गाण्याचा कार्यक्रम, संग्रहालय, प्रदर्शन यांना वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांत, कधीच न जाणाऱ्यांच्या मानाने मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी कमी आढळला. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून अधिक वेळा जाणाऱ्यांत तो ३१ टक्क्यांनी कमी होता. अर्थात नाटक पाहिले म्हणून आयुष्य वाढले, असे यावरून ठामपणे म्हणता येत नाही. ज्याचे पाय धड आहेत आणि खिशात चार पैसे आहेत तोच नाटकाला जातो, ही शंका रास्त आहे. संशोधकांनी पैसा, शिक्षण, आजार यांचा हिशेब वजा करून पाहिला, तरी काही फरक उरलाच. म्हणून मी याला औषध म्हणत नाही, पथ्य म्हणतो. पथ्याने औषधाचा गुण वाढतो, एवढे आपल्या आजीलाही ठाऊक होते.

एकटेपणाचा त्रास फक्त मनाला होतो, असेही समजू नका. झोप उडते, रक्तदाब चढतो, भूक मरते, स्मरणशक्ती मंदावते आणि गोळ्या वेळेवर घेण्याचा उत्साह राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ सालच्या अहवालात म्हटले आहे की, जगात दर सहा माणसांत एक एकटेपणाने ग्रासलेला आहे. आपल्या कोकणाला हा अहवाल वाचण्याची गरज नाही. मुलगा मुंबईला, मुलगी पुण्याला, नातवंडे परदेशात आणि चौसोपी घरात दोन म्हातारी माणसे, किंवा एकच. जयवंत दळवी यांनी 'संध्याछाया'त हेच दुःख मांडले होते.

माझ्याकडे एक आजी येत. नाव सांगत नाही. यजमान जाऊन तीन वर्षे झालेली, घरी मुलगा, सून, नातू. म्हणजे घर भरलेले. तरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, छातीत धडधड. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले, सारे ठीक. मी झोपेची गोळी लिहून दिली. सहा महिन्यांनी तीच पुन्हा, वर्षाने तीच पुन्हा. वाचकहो, यात माझी चूक होती हे मी कबूल करतो. त्यांची संध्याकाळ कशी जाते, हे मी वर्षभर एकदाही विचारले नाही.

बाकडे रिकामे झाले त्या आठवड्यात मी विचारले. म्हणाल्या, "सगळे आपापल्या मोबाइलवर. मी टीव्हीसमोर. मालिका संपते, पण मी काय पाहिलं ते कुणाला सांगायचं?" मी मुलाला बोलावून आईला नाटकाला न्यायला सांगितले. तो म्हणाला, "थंडीवाऱ्याचं तिला कुठे नेता? घरी टीव्ही आहे, बसल्या जागी सगळं दिसतं." त्याचे आईवर प्रेम होते, यात शंका नाही. पण बसल्या जागी सगळे दिसणे, हाच तर आजार होता!

शेवटी सुनेने नेले. एकदा नेले, मग आजी स्वतःच रिक्षा सांगू लागल्या. संध्याकाळी पाचला वेणीफणी, ठेवणीतले लुगडे, शेजारणीला हाक. मध्यंतरात चहा. आणि निकाल लागल्यावर माझ्याकडे आल्या त्या तावातावाने. "परीक्षकांना काही कळत नाही हो डॉक्टर, दुसरं आलं ते पहिलं यायला हवं होतं!" झोपेचे विचारले तर म्हणाल्या, "अगोबाई, गोळी चार दिवस घ्यायचीच राहिली."

गोष्ट इथेच संपवली असती तर छान वाटले असते, पण खरे सांगायला हवे. स्पर्धा संपली आणि महिन्याभरात आजींची झोप पुन्हा बिघडली. त्यावरून मी एक धडा घेतला. नाटकाचा हंगाम पंधरा दिवसांचा आणि वर्ष बारा महिन्यांचे. म्हणून हंगामात लागलेली सवय पुढे चालवली पाहिजे. शिमग्यात नमन, उत्सवात कीर्तन, मधल्या काळात वाचनालय, भजनी मंडळ, गाण्याची बैठक. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी घराबाहेर, चार माणसांत. आजींनी मंगळवारचे भजन धरले. गोळी मग आम्ही हळूहळू कमी केली. (अशी गोळी कुणी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. त्याने उलट त्रास होतो.)

आता नाटकाला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी चार सूचना. मधुमेह असेल तर उपाशीपोटी जाऊ नका. सहाला थोडे खाऊन घ्या आणि इन्सुलिन किंवा गोळीच्या वेळा कशा सांभाळायच्या ते आधी डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती कधी घ्यायची, हेही विचारा. आपणच ती चुकवू नका. खुर्ची कडेची घ्या. मध्यंतरात पाच मिनिटे चाला आणि बसल्या बसल्या अधूनमधून पावले वरखाली करा. पडदा पडला की लगेच उठू नका. दिवे लागू द्या, क्षणभर थांबा, मग उठा. एकदम उठल्याने चक्कर येऊन अंधारात पायरी चुकते आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे फार महागात पडते. जवळ छोटी बॅटरी ठेवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छातीत दडपल्यासारखे झाले, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला तर "अंक संपू दे, मग बघू" असे म्हणू नका. बाजूच्याला सांगा, बाहेर या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. नाटकाचा प्रयोग पुन्हा लागेल.

हौशी कलावंतांनाही दोन शब्द. दिवसा नोकरी आणि रात्री एकपर्यंत तालीम, वर चहा आणि सिगारेट, हे महिनाभर चालते. तुमच्यामुळे आमची तब्येत सुधारते, मग तुमची का बिघडावी? तालीम अकराला संपवा. घसा बसला तर ओरडून संवाद म्हणू नका, कोमट पाणी प्या, दोन दिवस आवाजाला विश्रांती द्या. तीन आठवडे होऊनही आवाज मोकळा झाला नाही, तर घसा तपासून घ्या. तंबाखू किंवा मशेरीची सवय असणाऱ्यांनी तर टाळाटाळ अजिबात करू नये.

आणि नाट्यगृहे चालवणाऱ्यांना एक विनंती. पायऱ्यांना कठडा, कडेला मंद दिवा आणि स्वच्छ, जवळचे स्वच्छतागृह एवढे सांभाळलेत तरी कितीतरी म्हातारी माणसे निर्धास्तपणे येतील. अनेकजण नाटक आवडत नाही म्हणून नव्हे, तर लघवीची सोय नसेल या भीतीने घरी बसतात. हे ते मला सांगतात, तुम्हाला सांगत नाहीत.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे नाट्यगृहे बंद झाली. पूर्ववत व्हायला पुढे दोन वर्षे गेली. त्या काळात माझ्या बाकड्यावरचे दोघे गेले. एकजण करोनाने गेले. दुसऱ्यांना करोना कधी झालाच नाही. ते घरात बसून राहिले, जेवण कमी झाले, बोलणे थांबले आणि एके दिवशी उठले नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर मी हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले. त्याहून जास्त लिहायला त्या कागदावर जागा नसते.

नाट्यगृहे उघडली, पण काही जण अजून घरातच आहेत. सवय मोडली ती मोडलीच. रंगमंचावर जीव ओतणारी पोरे आणि समोर निम्म्या रिकाम्या खुर्च्या, असे दृश्य मी पाहिले आहे. इकडे खुर्च्या रिकाम्या आणि तिकडे घराघरांत एकटी माणसे. या दोन्हींची गाठ घालायला डॉक्टर लागत नाही, एक रिक्षा पुरते.

म्हणून यंदा स्पर्धेचे वेळापत्रक आपल्या या पानांवर छापून आले की ते कापून भिंतीवर लावा. दोन तिकिटे काढा. एक आपले आणि दुसरे शेजारच्या त्या घरातले, ज्या घरी संध्याकाळी फक्त टीव्हीचाच आवाज येतो. मध्यंतरात मी तुम्हाला चहाच्या टपरीपाशी भेटेन. तिथे मला तब्येतीचे काही विचारू नका. नाटक कसे वाटले, तेवढे सांगा.