पैजेच्या बाजारातील निनावी पंच

खेळाच्या निकालावर पैज लावणाऱ्या दोन अनोळखी माणसांमध्ये विश्वास कोणी निर्माण करावा, हा प्रश्न जुगाराइतकाच जुना आहे. आणि ब्लॉकचेन नावाच्या नव्या खातेवहीने तो कायमचा सोडविला आहे, असे गेली काही वर्षे जगभरचे संगणक-अभियंते मोठ्या हिरिरीने सांगत आले आहेत. दलाल नको, पेढी नको, सरकारी परवाना नको. दोन्ही पक्षांची रक्कम संगणकीय करारात अनामत राहील, सामना संपताच तो करार आपण होऊन जिंकणाऱ्याच्या पदरात पैसे टाकील, आणि या साऱ्या व्यवहारात कोणाही माणसाचा हात मध्ये येणार नाही, अशी त्यांची मांडणी आहे. या मांडणीमागे बुद्धिमत्ता आहे आणि तळमळही आहे. परंतु तिच्यात एक दोष आहे, आणि तो तपशिलाचा नसून तत्त्वाचा आहे. मध्यस्थाला घालविताना या मंडळींनी जबाबदार माणसालाही घालविले आहे. आणि जेथे कोणीच जबाबदार नाही, तेथे दाद मागण्याचे ठिकाणही उरत नाही.

प्रथम या बाजाराची रीत ध्यानी घेतली पाहिजे. जुन्या पद्धतीत बुकी स्वतः भाव काढतो आणि गिऱ्हाइकाच्या विरुद्ध बाजूस स्वतःच उभा राहतो. २००० साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या बेटफेअरने ही रीत पालटली. तेथे एक ग्राहक अमुक संघ जिंकेल म्हणून पैसे लावतो, दुसरा तो जिंकणार नाही म्हणून ती पैज घेतो, म्हणजे आपल्याकडील सट्टाबाजारात ज्यांना लगाई आणि खाई म्हणतात तेच दोन व्यवहार समोरासमोर येतात, आणि कंपनी केवळ दोघांची गाठ घालून जिंकलेल्या रकमेवर दस्तुरी घेते. तीनच्या भावाने शंभर रुपये लावणाऱ्यासमोर दुसऱ्याला दोनशे रुपये ठेवावे लागतात, आणि हे तीनशे रुपये निकाल लागेपर्यंत कंपनीच्या स्वाधीन असतात. नव्या मंडळींचा आक्षेप या स्वाधीनतेला आहे, आणि तो रास्त आहे; कारण ज्याच्या तिजोरीत सर्वांची अनामत पडून आहे, त्याची नियत फिरली अथवा त्याचे दिवाळे निघाले, तर ठेवीदाराच्या हाती केवळ पावती राहते. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियमसारख्या जाळ्यावर ही अनामत करारातच अडकवून ठेवता येते आणि तिची नोंद कोणासही तपासता येते. एवढा भाग खरोखर सुटला आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे.

परंतु पैसा सुरक्षित ठेवणे हे पैजेच्या बाजारातील सोपे काम होय. अवघड काम निकाल सांगण्याचे आहे. संगणकीय करार मैदानावर जाऊन सामना पाहू शकत नाही. कोणीतरी त्याला बाहेरून येऊन साक्ष द्यावी लागते, आणि ही साक्ष वाटते तितकी सरळ नसते. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड या दोन्ही संघांच्या धावा २४१ झाल्या, सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या १५ झाल्या, आणि अखेर चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंडला विजयी ठरविण्यात आले. तेव्हा ‘सामना बरोबरीत सुटेल’ अशी पैज लावणारा जिंकला की हरला? याहूनही बोलके उदाहरण ऑगस्ट २००६ मधील ओव्हल कसोटीचे आहे. चेंडू कुरतडल्याच्या आरोपावरून रुसलेला पाकिस्तानचा संघ चहापानानंतर मैदानात उतरला नाही, म्हणून पंचांनी सामना इंग्लंडला बहाल केला. जुलै २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तो निकाल फिरवून सामना अनिर्णित ठरविला. आणि फेब्रुवारी २००९ मध्ये तोही निर्णय मागे घेऊन इंग्लंडचा विजय पुन्हा कायम केला. एकदा लिहिलेले कधीही पुसता येत नाही, हे ज्या खातेवहीचे भूषण, तिने यांपैकी कोणता निकाल शिलालेखासारखा कोरावयाचा होता?

मुंबईच्या माणसाला हा पेच अपरिचित नाही. गेल्या शतकाच्या मध्यास या शहरातील आकड्याचा जुगार न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या व बंद भावांवर चाले, कारण ते भाव मुंबईतील कोणाही सटोडियाला हलविता येत नसत. आणि ते येणे थांबले, तेव्हा चारचौघांदेखत मटक्यातून आकडा काढण्याची प्रथा पडली. निकालाचा उगम लावणाऱ्यांच्या हाताबाहेर असावा, ही खूणगाठ त्या बेकायदा धंद्यालाही बांधावी लागली होती. नव्या बाजारांनी मात्र नेमकी उलट वाट धरलेली दिसते. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या ऑगर या ब्लॉकचेनवरील बाजारात निकाल सांगण्याचे काम एका विशिष्ट टोकनच्या, म्हणजे संगणकीय नाण्याच्या, धारकांकडे सोपविलेले होते. त्यांनी आपली टोकने पणाला लावून साक्ष द्यावी, आणि वाद झाल्यास अधिक टोकने ज्या बाजूस जमतील ती बाजू खरी धरावी, अशी योजना होती. पॉलिमार्केट या अलीकडच्या मोठ्या बाजारातही वादग्रस्त निकाल अशाच टोकनधारकांच्या मतदानाने लागतात. मार्च २०२५ मध्ये युक्रेन व अमेरिका यांच्यातील खनिज-कराराविषयीच्या पैजेत, करार झालेला नसतानाही, मतदानाने ‘होय’ असा निकाल लागला. तो अपेक्षेविरुद्ध लागल्याचे चालकांनी मान्य केले, परंतु कोणाचेही पैसे परत करण्यास नकार दिला. ज्याला मत देण्याचा अधिकार आहे, त्यालाच त्या मतापासून लाभ होऊ शकतो, आणि त्याचे नाव-गावही कोणास ठाऊक नसते. अशा साक्षीदाराला आपल्याकडील साध्या गावपंचायतीनेही उभे केले नसते.

याउलट, जबाबदार मध्यस्थ काय करू शकतो तेही पाहावे. ऑगस्ट २००७ मध्ये पोलंडमधील सोपोत येथे निकोलाय दाविदेन्को आणि मार्टिन वासालो आर्ग्वेयो यांच्या टेनिस सामन्यावर बेटफेअरवर नेहमीच्या मानाने अवाढव्य रकमा लागल्या, आणि त्यांचा ओघ असा विपरीत दिसला की कंपनीने त्या सामन्यावरील सर्व पैजा रद्द केल्या. टेनिस संघटनेने चौकशी केली, आणि पुढच्या वर्षी दोन्ही खेळाडूंना निर्दोष ठरविले. पैसे थांबविणे, चौकशी होऊ देणे आणि निरपराधाचे नाव स्वच्छ करणे, हे सारे शक्य झाले ते हुकूम देणारा कोणी माणूस होता म्हणून. ज्या कराराला थांबविण्याचा अधिकार कोणालाच नाही, तो लबाडीने ठरविलेल्या सामन्याचे पैसेही तितक्याच तत्परतेने चुकते करील. करार हाच कायदा, असे मानणाऱ्यांनाही याची प्रचिती आलेली आहे: जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाच्या निधीच्या आज्ञावलीतील दोष साधून कोणी सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे इथेरियमवरील चलन, काढून घेतले, तेव्हा इथेरियमच्या धुरीणांनी पुढच्याच महिन्यात ब्लॉकचेनच्या नोंदींच्या साखळीला नवा फाटा फोडून ते धन परत मिळविले, आणि ज्यांना हे मान्य नव्हते ते जुन्या साखळीवर राहिले. प्रसंग आला की माणसांनाच निवाडा करावा लागतो. प्रश्न एवढाच की तो निवाडा नेमलेल्या पंचांनी नियमाने करावा, की धावपळीत जमलेल्या प्रबळांनी.

वेगाचा विचार केला तरी हेच दिसते. इथेरियमवर नोंदींचा नवा ठोकळा सुमारे बारा सेकंदांनी तयार होतो, आणि तोवर प्रतीक्षेत असलेले व्यवहार सर्वांना दिसत असल्याने, अधिक शुल्क मोजून दुसऱ्याच्या पुढे घुसणे शक्य होते. चेंडूगणिक भाव बदलणाऱ्या क्रिकेटसारख्या खेळात ही पद्धत टिकत नाही. म्हणून प्रत्यक्षात लगाई-खाईची गाठ साखळीबाहेरच्या एखाद्या यंत्रावर घातली जाते आणि केवळ हिशेब साखळीवर चुकता होतो. म्हणजे मध्यस्थ गेलेलाच नसतो. त्याच्या दारावरची पाटी तेवढी काढलेली असते.

आपल्या देशात हा प्रश्न कायद्याच्या अंगानेही पाहावा लागतो. विधी आयोगाने जुलै २०१८ च्या आपल्या २७६ व्या अहवालात, बंदी परिणामकारक ठरत नसेल तर नियमन करावे, असा विचार मांडला होता. संसदेने मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली. या दोन मार्गांपैकी कोणता श्रेयस्कर यावर मतभेद असू शकतात. परंतु ‘आमच्या यंत्रणेला मालकच नसल्याने कोणताही कायदा आम्हांस लागू होत नाही’ हे उत्तर सज्जनाला शोभणारे नाही. ब्रिटनमध्ये ज्याला आपले व्यसन आवरत नाही, त्याने गॅमस्टॉप या योजनेत नाव नोंदविले की परवानाधारक ऑनलाइन संस्थांना त्याच्यासाठी आपली दारे बंद करावी लागतात. निनावी बाजारात तोच मनुष्य क्षणार्धात नवे खाते उघडून पुन्हा आत येतो, आणि पगाराची रक्कम गमावून बसलेल्या त्याच्या कुटुंबाने कैफियत कोणापुढे मांडावी, हे कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून, जेथे कायद्याने अशा बाजारास मुभा आहे तेथे तो उभारू पाहणाऱ्या अभियंत्यांना, आणि अशा कामावर परदेशी कंपन्यांसाठी राबणाऱ्या आपल्याकडील तरुणांनाही, माझे आग्रहाचे सांगणे आहे की त्यांनी आज्ञावलीची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी पंचाची सनद लिहावी. निकाल कोणत्या संस्थेचा, कोणत्या क्षणीचा आणि किती मुदतीनंतर अंतिम मानावयाचा, हे पैज उघडण्याआधी लेखी ठरलेले असावे. निकाल देणाऱ्याचा त्या पैजेत एक पैसाही गुंतलेला नसावा. संशय आल्यास रक्कम तहकूब ठेवण्याचा मर्यादित अधिकार नाव-पत्ता असलेल्या मंडळास असावा, आणि त्याने तो का वापरला याची नोंद त्याच उघड्या खातेवहीत व्हावी. पैज लावणाऱ्याची ओळख पटविलेली असावी आणि त्याच्या नुकसानीस मर्यादा असावी. आणि या सर्वांवर एखाद्या न्यायालयाचा अधिकार चालावा.

यावर, मग ब्लॉकचेनचे प्रयोजन काय उरले, असे कोणी विचारील. उरते ते थोडके असले तरी मोलाचे आहे: अनामत कोणास गिळता येत नाही, हिशेब कोणास लपविता येत नाही, आणि पंचाने केलेला पक्षपात सर्वांना दिसतो. हे तंत्र पंचावर पाळत ठेवण्यास उत्तम आहे. पंचाच्या जागी बसण्यास ते असमर्थ आहे. हा भेद ज्यांना मान्य नसेल, त्यांनी लोकांच्या पैशाला हात घालू नये. कारण अन्याय झाल्यावर समोर उभे राहून उत्तर देण्याची ज्याची तयारी नाही, त्याला दोन माणसांमधील व्यवहाराचा निवाडा करण्याचा अधिकार कोणत्याही यंत्राने प्राप्त होत नाही.