किलोभराचा टपालवाला

आकाशकंदिलाच्या कामट्या तासताना मला दरवर्षी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले आठवतात. त्यांनीही आकाशात एक वस्तू सोडली. पण तिला लागली आठ वर्षे! २००८ साली काम सुरू झाले आणि २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने त्यांचा ‘स्वयम्’ वर नेला. लाडवांच्या छोट्या डब्याएवढा, वजन जेमतेम किलोभर. काम टपालवाल्याचे : एका ठिकाणचा रेडिओसंदेश पोटात ठेवायचा नि पृथ्वीला वळसा घालून दुसरीकडे पोचवायचा. त्यासाठी तोंड नीट दिशेला हवे. पण मोटार नाही, इंधन नाही. आत नुसता लोहचुंबक! होकायंत्राच्या सुईप्रमाणे त्याने पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहावे, ही युक्ती.

मला नवल वाटते ते निराळेच. आठ वर्षांत कॉलेजातून मुलांच्या किती तुकड्या बाहेर पडतात! पहिला आराखडा काढणाऱ्यांनी अर्धे काम धाकट्यांच्या हाती सोपवले. धाकट्यांनी ते पुरे केले, आणि पुढच्या उपग्रहासाठी उन्हाच्या रेट्यावर चालणारे शीड योजले.

आमचे दोघे चिरंजीव मात्र अर्धा कंदील एकमेकांवर ढकलतात. यंदा चिकटपट्टीबरोबर ही हकीकतही त्यांच्या हाती देणार आहे.