मनगटावर दिवसभर

परफ्युमच्या दुकानात शेवटचं कधी गेला होतात, आठवा. काउंटरवरची मुलगी कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारते, पट्टी हलवून हातात देते. आपण हुंगतो आणि "छान आहे" म्हणतो. चौथ्या पट्टीपर्यंत सगळे वास एकमेकांत मिसळलेले असतात, तरी आपण तिथेच निर्णय घेतो आणि बिल करतो. माझं ऐकाल तर ती पट्टी पर्समध्ये टाका आणि बाहेर पडा. कागदाला घाम येत नाही, कागद मेट्रोत लोंबकळत उभा राहत नाही आणि कागदाला कुणी "आज काय लावलंयस गं?" असं विचारत नाही.

गेले काही महिने मी बायकांचे परफ्युम असे दिवसभर अंगावर वागवून बघतेय. मोठ्या बाटल्या घेण्याची ऐपतही नाही आणि हौसही नाही. दोन-दोन मिलीच्या छोट्या कुप्या मिळतात, त्या जमवल्या. नियम एकच : सकाळी आंघोळीनंतर दोन्ही मनगटांवर एकेक फवारा, आणि झोपेपर्यंत दुसरं काहीही लावायचं नाही.

पहिली गोष्ट कळली ती ही, की परफ्युम दिवसातून तीनदा बदलतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास येतात आणि उडून जातात. मग दोन-चार तास बहुतेक वेळा फुलांचे असतात. संध्याकाळी उरतं ते जड : चंदन, व्हॅनिला, राळ, कस्तुरीसारखं काही. म्हणजे दुकानात आपण पैसे मोजतो पहिल्या पंधरा मिनिटांचे आणि घरी घेऊन येतो उरलेला दिवस!

दुसरी गोष्ट हवेची. बंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर आहे. दुपार तापली तरी संध्याकाळी हवा उतरते, आणि परफ्युमही तिच्याबरोबर खाली बसतो, अंगाशी राहतो. तोच परफ्युम मी मे महिन्यात मुंबईला नेला, तर दादर स्टेशनवर माझ्या आधी तोच पुढे चालत होता. उष्णतेत वास जोरात उडतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि लोकलच्या डब्यात शेजारणीच्या चेहऱ्यावर वाचणं वेगळं.

आता एकेक सांगते.

शनेल नंबर ५. एर्नेस्ट बो या परफ्युमकाराने १९२१मध्ये तयार केलेला, बहुधा जगात सर्वांत जास्त नावाजलेला. लावला आणि मी चकित झाले, कारण मला साबणाचा वास आला! फार उंची, स्वच्छ, नुकत्याच उघडलेल्या वडीचा, पण साबणाचाच. याचं कारण नंतर समजलं. यात अल्डिहाइड नावाची रसायनं मुक्त हाताने वापरली होती आणि पुढे साबणवाल्यांनी तोच थाट उचलला. म्हणजे नक्कल आपल्या नाकाला आधी भेटली आणि अस्सल मागाहून. दुपारनंतर मात्र तो साबण विरतो आणि गुलाब-जाईचं काहीतरी मऊ उरतं. दुपारनंतरचा नंबर ५ मला आवडला.

गेर्लांचा शालिमार १९२५चा. मुघलांच्या शालिमार बागेवरून नाव, पण बाग कमी आणि स्वयंपाकघर जास्त. आधी लिंबाची चाहूल, मग दाट व्हॅनिला, आणि त्याच्या मागे धूप घातल्यासारखा धुरकटपणा. बंगळुरूच्या डिसेंबरात, स्वेटरच्या बाहीवर, याला तोड नाही. एप्रिलमध्ये लावू नका.

एंजल हा १९९२चा. त्याच्यापासून गोड खाऊसारख्या वासांची लाटच आली. त्यात एथिल माल्टॉल आहे, म्हणजे जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'चा वास, आणि त्याला जोड पचौलीची, आपल्या पाचेची. ऐकायला विचित्र वाटतं, पण गोडाला ती मातकट पाच आवरून धरते. आमच्या लिफ्टमधल्या एका छोट्याने आईला विचारलं, "केक कुणाकडे आहे?" मला ती पावतीच वाटली.

फुलांकडे वळण्याआधी मेट्रोबद्दल सांगायला हवं. इथल्या नम्म मेट्रोची हिरवी मार्गिका ही माझ्या मते भारतातली सर्वांत सुगंधी रेल्वे आहे, निदान स्टेशनांच्या नावांवरून तरी. उत्तरेकडून आलात की यशवंतपूरनंतर 'सँडल सोप फॅक्टरी' लागतं, पुढे 'संपिगे रोड', आणि मॅजेस्टिकनंतर दोनच थांब्यांवर 'के. आर. मार्केट', जिथे शहराचा फुलबाजार भरतो. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा. चंदन, चाफा आणि मोगरा एकाच तिकिटात.

के. आर. मार्केटला पहाटे जा. मल्लिगेचे, म्हणजे मोगरा-जाईचे ढीग, शेजारी अबोलीचे. अबोलीला इथे कनकांबर म्हणतात. तिला वास नाही, पण रंगासाठी ती प्रत्येक माळेत हवीच. माळ मोजायची ती 'मोळा'वर : फूलवालीच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. त्यामुळे जाणत्या बायका उंच, लांब हातांची फूलवाली शोधतात. आपल्याकडे गजरा नगावर मिळतो, त्यात ही गंमत नाही.

तिथून परत येताना मी एक दिवस एलियन लावला होता. हा म्युग्लरचाच, २००५चा, आणि त्याचा सगळा डोलारा मोगऱ्यावर उभा आहे. हा मोगरा म्हणजे ज्याला परफ्युमवाले जास्मिन सांबाक म्हणतात, आणि ज्याचा अर्क तमिळनाडूतल्या मदुराई-कोइंबतूर भागातून फ्रान्सला जातो. एका हाताला मोळभर मल्लिगे, दुसऱ्या मनगटावर एलियन. खरं सांगते, एलियन जास्त मोगरा होता. खऱ्या फुलात एक हिरवा, थोडा कच्चा, पाणीदार वास असतो आणि दुपारपर्यंत कोमेजण्याचाही वास असतो. बाटलीतला मोगरा कोमेजतच नाही, आणि संध्याकाळी सहापर्यंत मला त्याचाच कंटाळा आला.

निशिगंधाचं आणखी वेगळं. इथे त्याला सुगंधराज म्हणतात, आणि बंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या बागायती संशोधन संस्थेने त्याचे 'अर्का प्रज्वल'सारखे वाण काढले आहेत. परफ्युमच्या दुनियेत निशिगंधाची राणी म्हणजे फ्राका, १९४८चा. तो जेरमेन सेलिए या बाईंनी बनवला, ज्या काळात या धंद्यात बायका जवळजवळ नव्हत्याच. लोण्यासारखा दाट, धीट वास. मी लावून घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "कुणाच्या लग्नाला गेली होतीस, की कुणाच्या फोटोला हार घालायला?" मराठी नाकाला निशिगंध या दोन्ही ठिकाणी भेटलेला असतो. फ्रान्समध्ये तो म्हणे मोहक समजतात. समजोत बापडे.

आता चंदन. सँडल सोप फॅक्टरी हे नाव स्टेशनाला उगाच मिळालेलं नाही. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि युरोपात जाणारं म्हैसूरचं चंदन इथेच पडून राहिलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सडबरो आणि वॉटसन या प्राध्यापकांनी त्याचं तेल इथेच काढून दाखवलं. महाराज नाल्वडी कृष्णराज वोडेयर आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी ते उचलून धरलं. १९१६मध्ये तेलाचा कारखाना आणि थोड्याच काळात म्हैसूर सँडल साबण आला. आपल्या दिवाळीला जसा मोती, तसा इथल्या न्हाणीघरात बारा महिने हा. अंडाकृती वडी, हिरवा-लाल खोका. खोका रिकामा झाला तरी आजही घरोघरी तो साड्यांच्या कपाटात जातो.

पण चंदनाची दुसरी बाजूही आहे. १७९२मध्ये टिपू सुलतानने ते राजवृक्ष ठरवलं, आणि पुढे कितीतरी काळ अंगणात उगवलेलं चंदनही सरकारचंच राहिलं. मग ते लावणार कोण? चोरी मात्र होत राहिली. कर्नाटकाने २००१मध्ये कायदा बदलून झाड जमीनमालकाचं केलं, पण तोवर जंगलं रिकामी होत आली होती. आज परफ्युममधलं बरंचसं चंदन प्रयोगशाळेतून येतं, नाहीतर ऑस्ट्रेलियात लावलेल्या झाडांतून.

गेर्लांचा सम्सारा १९८९मध्ये आला तो चंदन आणि जाईवर बांधलेला. त्या दिवशी मी लावला तर होता, पण पुढची गोष्ट माझी नाही, सासूबाईंची आहे. त्या सातारच्या. सासरे गेल्यावर तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आल्या. रोज सकाळी सहाणेवर चंदनाचं खोड उगाळतात, देवाला गंध लावतात आणि बोटाला उरलेलं पदराला पुसून टाकतात. स्वतःला कधीच नाही. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असतं तेव्हा अत्तरदाणी त्याच घासून लख्ख करतात आणि बायका यायला लागल्या की आत तिळाचे लाडू वळत बसतात. हातावर अत्तर लागतं ते सवाष्णींच्या. कुणी त्यांना आत बसा म्हणत नाही. कुणी बाहेर याही म्हणत नाही.

त्या दिवशी मी मनगट पुढे केलं. त्यांनी हुंगलं आणि म्हणाल्या, "हे तर देवघरातलं. पण देवघर जरा नटलंय." मी कुपी दिली. "मला कशाला गं?" झालं. कुपी टेबलावर राहिली. चार दिवसांनी ती निम्मी झालेली दिसली, मी काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात त्या भाजी आणायला निघाल्या तेव्हा पॅसेजमध्ये चंदन दरवळत होतं.

गावाकडून आलेल्या एका नातेवाईक बाईंनी "या वयात, आणि…" असं वाक्य अर्धं सोडलं. सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. म्हणाल्या, "वास मला येतो. तुम्हाला यायला नको असेल तर तिकडच्या खुर्चीत बसा." या संक्रांतीला त्या लाडू वळायला आत बसतील की बाहेर, ते मी विचारलेलं नाही. लाडू मात्र मी आदल्या दिवशीच वळून ठेवणार आहे.

आणि हे 'बायकांचे' परफ्युम म्हणजे तरी काय? शिवाजीनगरला (हो, बंगळुरूलाही शिवाजीनगर आहे) अत्तराची जुनी दुकानं आहेत. तिथल्या चाचांनी मला बाई की पुरुष यावरून काही दाखवलं नाही. विचारलं, "दिवसा लावणार की रात्री? उन्हाळ्यात की थंडीत?" उन्हाळ्याला वाळा, गुलाब, कनौजचं मातीचं अत्तर. थंडीला हिना. फाया करून कानाच्या पाळीत ठेवा, संपलं. वाळ्याचं अत्तर मी लावलं तेव्हा माठातल्या पाण्याची आठवण आली आणि दिवसभर तहान लागल्यासारखं होत राहिलं. पण मे महिन्यात मी तेच लावणार. ऑफिसला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी मधला मार्गही आहे. बंगळुरूच्याच टायटनने २०१३मध्ये 'स्किन' नावाने परफ्युम काढले, त्यातले हलके मला एसीत आठ तास चालले आणि कुणाचं डोकं उठलं नाही.

डोक्यावरून आठवलं. तुमच्या आसपास कुणाला अर्धशिशीचा, दम्याचा त्रास असेल तर मेट्रोत, दवाखान्यात, परीक्षेच्या हॉलमध्ये एकच फवारा, तोही कपड्याखाली. दोनाच्या वर तर कुठेच नको. आपलं नाक अर्ध्या तासात त्या वासाला सरावतं, शेजारच्याचं नाही. मनगटावर मनगट घासू नका, पहिले हलके वास लवकर उडतात. त्वचा कोरडी असेल तर आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा, वास जास्त टिकतो. बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नका, ऊन आणि वाफ तिला खराब करतात. कपाटात, अंधारात, म्हैसूर सँडलच्या त्या रिकाम्या खोक्याशेजारी जागा असतेच.