भंगारातल्या गिअरबॉक्सला कागद हवा

बारा-पंधरा वर्षे कांदा, टोमॅटो, पशुखाद्य आणि सिमेंट वाहून झालेल्या डिझेल पिकअपचा गिअरबॉक्स गेला, की मालकापुढे तीन वाटा असतात. कंपनीकडून नवा गिअरबॉक्स घ्यायचा. तो मिळाला तरी त्याची किंमत ऐकून गाडी विकून टाकावी असे वाटू लागते. आहे तोच खोलून बेअरिंग, कोन रिंगा आणि झिजलेले गिअर बदलायचे. पण केसिंग तडकली असेल किंवा ले शाफ्टचे दात उडाले असतील, तर या खर्चाला बूड राहत नाही. तिसरी वाट भंगार बाजाराची. त्याच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या गाडीचा चालू गिअरबॉक्स आणायचा आणि चढवायचा. टाटा २०७ असो की बोलेरो पिकअप, गावोगावचे मेकॅनिक हे काम वर्षानुवर्षे करत आले आहेत आणि बहुतेक वेळा हाच हिशेब शहाणपणाचा असतो. त्याकडे जुगाड म्हणून नाक मुरडणारे धोरण मात्र चुकीचे आहे. मोडीतल्या गाडीचा चालू गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीत जाणे हा स्क्रॅप धोरणाचा अधिकृत भाग व्हायला हवा, आणि त्यासाठी त्या गिअरबॉक्सला त्याच्या इतिहासाचा कागद मिळायला हवा.

कायदा आड येतो का, हे आधी पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात ही मनाई ठामपणे उचलून धरली. पण आरसीवर चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो, इंधन, व्हीलबेस, वजन असते. गिअरबॉक्सचा नंबर नसतो. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी लागते. त्याच मॉडेलचा, त्याच प्रकारचा गिअरबॉक्स चढवला तर आरसीतला एक शब्दही हलत नाही. ही सोय मोठी आहे, आणि सगळी गोमही तिच्यातच आहे. ज्या वस्तूची कुठे नोंद नाही, तिचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. गिअरबॉक्स कोणत्या गाडीतून निघाला, ती गाडी किती चालली होती, अपघातात गेली होती की पुराच्या पाण्यात उभी होती, की रातोरात उचलून आणली होती, याला आधार फक्त दुकानदाराच्या शब्दाचा. हातात पडते ती कोऱ्या कागदावरची चिठ्ठी आणि थोड्या दिवसांची ‘चेकिंग वॉरंटी’.

एवढ्या अंधारातही हा बाजार चालतो, कारण त्यामागचे गणित पक्के आहे. गाडी सगळीकडून एकदम म्हातारी होत नाही. एकीची चासी कोकणातल्या खाऱ्या हवेने खाल्लेली असते, दुसरीचे नाक अपघातात आत गेलेले असते, तिसरीचे इंजिन जाम झालेले असते; आणि तिघींचे गिअरबॉक्स ठणठणीत असू शकतात. गिअर म्हणजे नुसते पोलाद नव्हे. मिश्र पोलादाची घडाई, त्यावर कापलेले तिरके दात, वरचा थर कठीण व्हावा आणि गाभा चिवट राहावा म्हणून भट्टीत दिलेला कार्बन, आणि त्यानंतरचे घासकाम, या सगळ्या मेहनतीची ती किंमत असते. तोच गिअर पुन्हा भट्टीत वितळला की ही मेहनत शून्य होते आणि उरतो तो किलोचा भाव. आपले धोरण नेमके किलोतच विचार करते. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम अधिसूचित केले. गाडी तिथे जमा केल्याचे प्रमाणपत्र दाखवले की नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. १ एप्रिल २०२५ पासून पर्यावरण मंत्रालयाचे मोडीत निघालेल्या वाहनांचे नियम लागू झाले आणि कंपन्यांवरही जबाबदारी आली; पण ती मोजायची कशी, तर गाड्यांतल्या पोलादाच्या वजनावर. चालू स्थितीत निघालेला गिअरबॉक्स आणि गंजलेला मडगार्ड या हिशेबात सारखेच.

सगळीकडे असेच चालते असे नाही. युरोपीय संघाने २००० साली मोडीतल्या गाड्यांबद्दल निर्देश काढला आणि २०१५ पर्यंत गाडीच्या वजनाच्या ९५ टक्के भागाचा पुनर्वापर किंवा पुनर्प्राप्ती करण्याचे लक्ष्य ठेवले. त्यात सुटा भाग आहे तसा पुन्हा वापरणे हे वितळवण्याच्या वरचे काम मानले आहे. फ्रान्सने पुढचे पाऊल टाकले. जानेवारी २०१७ पासून तिथल्या गॅरेजवाल्याला ग्राहकासमोर वापरलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या भागाचा पर्याय ठेवावाच लागतो. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग त्यातून वगळले आहेत. गिअरबॉक्स वगळलेला नाही.

तरी इथे पहिला आक्षेप सुरक्षेचाच येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना माल भरलेल्या पिकअपचा दुसरा गिअर सुटला, तर इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पासिंगच्या वेळी ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग यांची परीक्षा होते. पण भाराखाली, उतारावर सुटणारा गिअर सपाट जागेवर रिकाम्या गाडीत बहुधा शहाण्यासारखा वागतो. मग जुना गिअरबॉक्स धोकादायकच की! पण धोका जुनेपणात नसून न तपासण्यात आहे. आणि बदली गिअरबॉक्स आवाक्याबाहेर गेला म्हणून मालक गाडी उभी करत नाही. गिअर सुटू नये म्हणून दांडी हाताने दाबून धरत तोच घाट उतरत राहतो. सुरक्षेची तुलना करायची तर तपासून बसवलेला जुना गिअरबॉक्स आणि दाबून धरलेली दांडी या दोघांत करायला हवी.

तपासणी तशी अवघड नाही, फक्त ती कुणीतरी केली पाहिजे आणि केल्याचे लिहून ठेवले पाहिजे. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते, तर बेअरिंग गिअरबॉक्सच्या आतले गेले आहे; उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर दोष रिलीज बेअरिंगचा, गिअरबॉक्स बिचारा निर्दोष. पाच गिअरच्या पिकअपमध्ये चौथा गिअर बहुधा थेट असतो, शक्ती ले शाफ्टवरून फिरून येत नाही. म्हणून बाकी सगळ्या गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात विरला तर बोट ले शाफ्टकडे दाखवावे. तेल काढून पांढऱ्या फडक्यावर पाहावे. बारीक पितळी चमक थोडीफार असणारच, ती कोन रिंगांची झीज. कणीदार पोलाद दिसले तर सौदा तिथेच थांबवावा. हे सगळे ज्या गाडीतून गिअरबॉक्स निघणार तिच्यातच, इंजिन चालू असताना पाहता आले तर सोन्याहून पिवळे. ते काम स्क्रॅपिंग केंद्रच करू शकते, कारण गाडी तिथे अखंड येते. बाजारातल्या दुकानात मात्र तेलकट केसिंगचा ढीग असतो आणि टॉप शाफ्ट हाताने फिरवून पाहण्यापलीकडे गिऱ्हाइकाच्या हाती काही नसते.

चढवण्यातही हयगय नेहमीचीच. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळे इंजिन आणि वेगळा गिअरबॉक्स आलेला असतो. टॉप शाफ्टच्या खाचा क्लच प्लेटशी जुळतात का, बेल हाउसिंगची भोके इंजिनाशी जुळतात का, प्रोपेलर शाफ्टची लांबी तीच राहते का, स्पीडोमीटरचा गिअर तोच आहे का, हे आधी न पाहता आणलेला माल परत बाजाराच्या वाटेला लागतो. चांगला मेकॅनिक जुना टॉप शाफ्ट जपून ठेवतो आणि तो घालून क्लच प्लेट मधोमध धरतो, मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळतो. घाईतला मेकॅनिक नजरेने अंदाज घेतो, गिअरबॉक्सचे सगळे वजन क्लच प्लेटच्या हबवर लोंबकळू देतो आणि बोल्ट आवळून तो आत ओढतो. वाकलेली प्लेट मग क्लच सोडताना गाडीला थरथर आणते आणि दोष मात्र जुन्या मालाला लागतो. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचे ऑइल सील तेव्हाच बदलावे, कारण मजुरीचा मोठा वाटा उतरवण्या-चढवण्याचाच असतो. आणि मुळात पहिला गिअरबॉक्स मेला कशाने? सील गळून तेल आटले, क्षमतेपेक्षा जास्त माल भरला, की कोन रिंगांच्या पितळेला खाणारे चुकीचे तेल ओतले? हे न शोधता चढवलेला दुसराही त्याच वाटेने जातो.

दुसरा आक्षेप चोरीचा. जुन्या भागांना मान्यता दिली की चोरबाजाराला मान्यता मिळेल, असे पोलिसांना वाटले तर नवल नाही. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या सुट्या करून विकल्या जात, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार पोलिसांनी बंद पाडला. पण सोतीगंज फोफावले ते भागांची कुठेच नोंद नव्हती म्हणून. नोंदणीकृत केंद्रात येणाऱ्या प्रत्येक गाडीचा चासी नंबर आणि मालक सरकारी प्रणालीत आधीच नोंदलेला असतो. तिच्यातून निघालेल्या गिअरबॉक्सच्या केसिंगवरचा नंबर त्या नोंदीला जोडला आणि विक्रीच्या पावतीवर छापला, की चोरीचा माल बिनकागदाचा म्हणून आपोआप वेगळा पडतो. प्रामाणिक दुकानदारालाही मग चोरट्याशी भावाची स्पर्धा करावी लागणार नाही.

तिसरा आक्षेप धुराचा, आणि इथे थोडी माघार घ्यायलाच हवी. भारत स्टेज-६ ची मानके १ एप्रिल २०२० पासून आली. त्याआधीच्या, विशेषतः खूप जुन्या डिझेल गाड्या जास्त काजळी सोडतात, यात वाद नाही. दाट वस्तीच्या शहरांनी अशा गाड्यांवर बंधने घातली तर ती योग्यच. गिअरबॉक्स बदलून इंजिन स्वच्छ होत नाही. पण म्हणूनच गाडी राहणार की जाणार हे धूर, चासी आणि ब्रेक यांच्या परीक्षेवर ठरावे, गिअरबॉक्सच्या किमतीवर ठरू नये. जी गाडी धुरात नापास होईल ती जाईल, आणि तिचा चांगला गिअरबॉक्स पास झालेल्या गाडीत येईल. स्क्रॅप धोरण आणि हा पुनर्वापर एकमेकांच्या विरोधात नाहीत. पहिल्यानेच दुसऱ्याला माल पुरवायचा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मग नवीच गाडी का घेऊ नये, असेही विचारले जाते. ज्याला रोज भाडे आहे त्याने जरूर घ्यावी. नारायणगावच्या टोमॅटोच्या हंगामात पळणारी आणि नंतर अर्धे वर्ष दारात उभी राहणारी गाडी महिन्याचा हप्ता कुठून काढणार?

खरा अडसर नव्या मालाच्या आणि माहितीच्या मक्तेदारीचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नसल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल काढले, त्यात वाहनेही आहेत. पण जुन्या भागांचा विषय या सगळ्यात कुठे दिसत नाही. राज्याला शिकायला लांब जायची गरज नाही. एसटीच्या कार्यशाळांत दुरुस्त झालेली युनिटे आगारांतल्या गाड्यांना बसतात आणि त्या बसमधून लाखो लोक निर्धास्त प्रवास करतात, कारण कोणते युनिट कुठून निघाले आणि कुठे बसले याची नोंद असते. पिकअपवाल्यासाठी कागदावर पाच गोष्टी पुरतील: मूळ गाडीचा चासी नंबर, केसिंगचा नंबर, गाडी मोडीत निघण्याचे कारण, तपासणीचा निकाल आणि तीन महिन्यांची लेखी हमी. सोबत कोणत्या वर्षाच्या कोणत्या इंजिनाला कोणता गिअरबॉक्स बसतो याचा तक्ता मराठीत, स्क्रॅपिंग केंद्राच्या भिंतीवर. तो नव्याने शोधायचा नाही. कंपन्यांच्या पार्ट कॅटलॉगमध्ये तो आहेच, फक्त त्यांनी तो उघडा करायचा आहे.